तिसरं अक्षर

श्रोतेहो, नमस्कार.

आता या स्टुडिओत सगळं काम संगणकावर होतं. मी पहिल्यांदा इथे बोलायला आले, तेव्हा टेपची मोठाली स्पूलं होती. मधेच खोकला आला, वाक्य चुकलं, की ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ टेप हाताने मागेपुढे फिरवत, नेमक्या जागी पेन्सिलीने खूण करत, ब्लेडने तिरका छेद देत आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडून टाकत. नको असलेला तुकडा टेबलाखालच्या टोपलीत. ही कापाकापी जरा लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. जनुकांचा धडा आला की फळ्यावर चार अक्षरं लिहायची: ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, प्रत्येक शब्दामागे एक अमिनो आम्ल, आणि अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रथिन. चार अक्षरांतून तीन अक्षरी शब्द होतात ६४. त्यातले तीन नुसते पूर्णविराम. उरले ६१, आणि अमिनो आम्लं तर वीसच! तेव्हा बहुतेक आम्लांच्या वाट्याला एकाहून जास्त शब्द येतात. पाण्याला जल म्हणा, नीर म्हणा, तसंच. ल्युसिनला तर सहा नावं आहेत.

यातला पहिला शब्द उलगडला १९६१ साली, अमेरिकेत, निरेनबर्ग आणि मथाई यांच्या प्रयोगशाळेत. आरएनए म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी पेशीत निघणारी जनुकाची नक्कल; तिच्या भाषेत टीच्या जागी यू येतो. त्यांनी नुसत्या यू-यू-यू अक्षरांचा आरएनए पेशींच्या अर्कात घातला आणि फेनिलअलानिन या एकाच आम्लाची माळ बाहेर आली. पुढे उरलेले शब्द लावण्यात आपल्याकडे जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. १९६८ चं नोबेल त्यांना, निरेनबर्ग यांना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळून दिलं गेलं.

हे सांगून झालं की मी मुलांना म्हणायची, 'शब्दाचं तिसरं अक्षर बदललं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. टी-टी-टी म्हणजे फेनिलअलानिन, टी-टी-सी म्हणजेही फेनिलअलानिन.' अशा बदलाला मूक उत्परिवर्तन म्हणतात. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न हमखास यायचा. उत्तरात 'प्रथिनावर परिणाम होत नाही' असं लिहिलं, की मी डोळे मिटून गुण द्यायची.

नेमकं हेच टी-टी-सी आणि टी-टी-टी घेऊन आज मी आले आहे.

आपल्या पाचव्या गुणसूत्रावर जवळजवळ जुळी अशी दोन जनुकं आहेत, एसएमएन-१ आणि एसएमएन-२. त्यांचं प्रथिन नसेल तर मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बाळाला मान धरता येत नाही, बसता येत नाही, पुढे श्वासही जड होतो. या आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकवर्गणी काढल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, तोच हा आजार. यात एसएमएन-१ निकामी झालेलं असतं. पण जुळं भावंड शाबूत असताना ते कामाला का येत नाही?

१९९५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हे जनुक शोधलं. दोघांची अक्षरं ताडून पाहिली, तर प्रथिन लिहिणाऱ्या भागात एकच फरक. एसएमएन-१ मध्ये टी-टी-सी, एसएमएन-२ मध्ये टी-टी-टी. दोन्हीकडे फेनिलअलानिनच! माझ्या फळ्याच्या हिशेबाने फरक शून्य.

आता ती टेप आठवा. जनुकाची आरएनए नक्कल निघते, तेव्हा तिच्यात कामाच्या तुकड्यांमध्ये भरपूर नको असलेला मजकूर असतो. पेशी तो कापून काढते आणि कामाचे तुकडे जोडते. कुठे कापायचं आणि काय ठेवायचं याच्या खुणा निराळ्या कागदावर नसतात, त्याच अक्षरांत असतात. सातव्या तुकड्यातल्या त्या सीचा टी झाला आणि 'हा तुकडा ठेवा' ही खूण पुसट झाली. मग ५४ अक्षरांचा तो अख्खा तुकडा बहुतेक वेळा टोपलीत जातो. उरलेलं प्रथिन आखूड, टिकाव न धरणारं. धडधाकट प्रथिन निघतं ते साधारण दहा टक्के. शब्दाचा अर्थ तोच राहिला, पण शब्दच गाळला गेला.

ते दहा टक्केही कमी मोलाचे नाहीत बरं का. ज्या मुलांकडे एसएमएन-२ च्या जास्त प्रती असतात, त्यांचा आजार सहसा सौम्य असतो.

औषध सापडलं तेही या कापाकापीतच. सातव्या तुकड्यापुढच्या मजकुरात, 'हा तुकडा गाळा' असं सुचवणारी एक जागा रवींद्र सिंग यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवली. एड्रियन क्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जागी नेमका चिकटेल असा छोटा कृत्रिम धागा घडवला. ती जागा झाकली गेली की सातवा तुकडा शाबूत राहतो. नुसिनर्सेन नावाच्या या औषधाला २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्यातून द्यावं लागतं. पहिल्या दोन महिन्यांत चार मात्रा, नंतर दर चार महिन्यांनी एक. पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, कारण धागा विरून जातो आणि जनुकातला तो टी जागच्या जागी असतो.

बहुतेक मूक बदल खरोखर मूकच असतात, तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे दोन गुण मी परत मागणार नाही. प्रश्न मात्र आज मी वेगळा काढला असता.