"अटक नाही, नुसतं चौकशीला बसवलंय"

(दृश्य : नाशिक, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाचा परिसर, सकाळ. जिल्हा न्यायालयाचं फाटक, पोलिसांची गाडी आत वळते.)

गाडी येण्याआधीच अटक झालेल्यांच्या घरची माणसं येऊन थांबलेली असतात. कुणी पंचवटीतून आलेलं, कुणी सातपूरला कारखान्यातली पाळी बुडवून. "कधी नेलं?" म्हणून विचारा. "काल." काल किती वाजता? एकमेकांकडे बघतात.

ती वेळच तर हवी असते. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. प्रवासाचा वेळ तेवढा वगळतात. रविवार, दिवाळी, काही असो, सुट्टीची सबब चालत नाही.

(दृश्य : पोलीस ठाण्याचा व्हरांडा, रिकामं बाकडं.)

अडचण या बाकड्यापाशी आहे. "अटक नाही हो, नुसतं चौकशीला बसवलंय." आणि माणूस रात्रभर तिथेच. कागदावर अटक दुसऱ्या दिवशी दुपारची. मुंबई उच्च न्यायालयानं १९९० सालीच सांगून ठेवलंय : माणसाची मोकळीक काढून घेतली त्या क्षणी अटक सुरू होते, कागदावर वेळ कुठलीही पडो. म्हणून पोलीस घेऊन निघाले की घरी एक मेसेज टाका : कुठून नेलं, कुठल्या ठाण्यात, किती वाजता. फोन काढून घेतला, तर हेच काम घरच्यांनी करायचं. पुढे वकिलाला याच मेसेजचा आधार होतो.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर सरसकट अटक करता येत नाही. आधी हजर राहण्याची नोटीस येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५. ती हातात पडली की ठरल्या दिवशी जा. घाबरून गावाला निघून गेलात, तर अटकेला कारण तुम्हीच दिलंत.

अटक चुकीची वाटली तरी अंगाला झटू नका, धक्काबुक्की नको. जुन्या दंड संहितेचं कलम ३५३, आताच्या न्याय संहितेचं १३२, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर. मूळ गुन्हा राहतो बाजूला आणि हे लचांड मागे लागतं.

(दृश्य : टेबलावर अटकेचा कागद, पेन.)

अटकेचा पंचनामा होतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी, तुमचीही हवी. सही करण्याआधी तारीख आणि वेळ वाचा. अटकेची कारणं लेखी, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवीत. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. तोंडी "कलम लागलंय तुझ्यावर" एवढ्यानं भागत नाही.

जबाब देताना स्वतःला अडकवणारं उत्तर द्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. पोलिसांना दिलेला कबुलीजबाब कोर्टात तुमच्याविरुद्ध सहसा पुरावा ठरत नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर आरोपीची सहीही लागत नाही, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही.

बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची, तर तसंच अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते.

वैद्यकीय तपासणी होते तेव्हा मुका मार असला तरी डॉक्टरांना दाखवा. अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क आहे.

(दृश्य : न्यायालयाचा जिना.)

मग कोर्ट. दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे तेच पोलीस उभे असतात, म्हणून पुष्कळ जण "नाही साहेब" म्हणून मोकळे होतात. तक्रार असेल, तर बोलायची जागा हीच. आदल्या रात्रीपासून बसवून ठेवलं असेल, तर तेही इथेच सांगा. ते नोंदीवर येऊ द्या.

त्यानंतर पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, किंवा एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, किंवा जामीन. गुन्हा जामीनपात्र असेल, तर जामीन हा हक्कच आहे. जामीनदाराचा सातबारा, ऐपतीचा दाखला यांची धावपळ घरच्यांनी आधीच सुरू केलेली बरी.

वकिलाची फी परवडत नसेल, तर याच न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अटकेत असलेल्याला तिथून मोफत वकील मिळतो. फोन लावायचा तर १५१००.