कौल दिलाय नव्हं, मग ऐका की!

(पडद्यावर: टिळकवाडी, आरपीडी कॉलेजचा रस्ता, पोलिसांचे बॅरिकेड, ४ जून २०२४)

हे आरपीडी कॉलेज. बेळगाव लोकसभेची मतमोजणी इथं होते. बाहेर ऊन मरणाचं, तरी माणसं उभी, कार्यकर्ते, पत्रकार, चहावाले, आणि ज्यांचं इथं काहीच काम नाही अशीही भरपूर, कारण निकाल मोबाईलवर दिसतोय हे माहीत असूनही घरात बसवत नाही. २०२४ ला इथं भाजपचे जगदीश शेट्टर जिंकले, पावणेदोन लाखांच्या वर मताधिक्य. आणि त्याच दिवशी तिकडं चिक्कोडीत, म्हणजे निपाणी, अथणी, रायबाग, हुक्केरी हा सगळा पट्टा, काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी नव्वद हजारांच्या फरकाने निवडून आल्या. जिल्हा एक, मतदान ७ मेलाच दोन्हीकडं, बोटाला लागलेली शाईसुद्धा तीच, म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली, आणि उत्तरं दोन. अजून एक आहे. खानापूर आणि कित्तूर जिल्ह्याला बेळगावचे, पण लोकसभेला जोडलेत उत्तर कन्नडला, त्यामुळं नंदगडचा मराठी माणूस आपला खासदार निवडतो तो कारवारवाल्यांच्या बरोबरीनं. तिथं भाजप, तीन लाखांच्या वर फरक. म्हणजे अठरा आमदारांचा हा एक जिल्हा, आणि त्याची मतं जातात तीन खासदारांना.

कोण चांगला, कोण वाईट, ते इथं बोलायचं नाही. आपल्याला बघायचाय निकालाचा दुसरा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही कट्ट्यावर जाऊन बसा, दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. जिंकलेला म्हणतो, "बघितलास काय, लोकांनी आमच्या सगळ्यावरच शिक्का मारलाय." हरलेला म्हणतो, "लोकं विकली गेलीत गा, काय बोलून उपयोग आहे?" पहिला छाती पुढं काढून बोलतो, दुसरा तोंड पाडून, आणि मला विचाराल तर मतदाराचं म्हणणं दोघांनीही ऐकलेलं नसतं. एकानं त्याच्या उत्तराला भलतंच ताणलं, दुसऱ्यानं त्याला माणसातनंच उठवलं.

मतदाराला प्रश्न विचारला जातो तो एकच. त्यानं उत्तर दिलं ते त्याच प्रश्नाचं.

हे नीट समजून घ्यायचं तर चाळीस वर्षं मागं जाऊया, आणि लांब दिल्लीला जायची पण गरज नाही, आपल्या बेंगळुरातच घडलेलं आहे.

(पडद्यावर: जुनी वर्तमानपत्रं, १९८४)

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली. डिसेंबरात लोकसभेच्या निवडणुका. काँग्रेसला देशभरात चारशेच्या वर जागा, असा निकाल त्याआधी कधी लागला नव्हता आणि नंतर आजवर लागलेला नाही. कर्नाटकात २८ पैकी २४ काँग्रेसच्या. आता बघा, त्यावेळी बेंगळुरात सरकार कुणाचं? जनता पक्षाचं, मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे. १९८३ ला आलेलं, कर्नाटकातलं पहिलं बिगरकाँग्रेसी सरकार, तेही दुसऱ्यांच्या पाठिंब्यावर टिकलेलं. लोकसभेत पक्ष आपटला म्हणून मुख्यमंत्र्यानं खुर्ची सोडावी असा कायदा नव्हता, आजही नाही. विधानसभेची मुदत शिल्लक होती. पण हेगडेंनी लोकांचा विश्वास राहिला नाही असं मानून राजीनामा दिला, विधानसभा विसर्जित झाली आणि परत लोकांसमोर गेले.

मार्च १९८५ ला निकाल काय लागला? २२४ पैकी जनता पक्षाला १३९. काँग्रेस ६५ वर.

जरा थांबा इथं. डिसेंबर ते मार्च, अडीच-तीन महिनेच. तेच मतदार, त्याच याद्या, तीच बूथं, आणि उत्तर अगदी उलटं. मग डिसेंबरात लोक चुकले होते आणि मार्चात शहाणे झाले, असं म्हणायचं? की डिसेंबरात भावनेला भुलले? तसं म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतील. मला तसं वाटत नाही. डिसेंबरात प्रश्न होता, देश कुणाच्या हातात द्यायचा. मार्चात प्रश्न होता, आपलं राज्य कुणी चालवायचं. लोकांनी दोन्ही वेळेला नीट वाचून पेपर लिहिला. काहीजण म्हणतात, हेगडे मुरलेले होते, वारं फिरणार हे त्यांनी ओळखलं होतं, त्यात त्याग कसला. असेलही की. राजकारणी माणूस हिशेब करणारच, नाहीतर तो राजकारणात कशाला येईल? पण हिशेब करून का होईना, लोकांचा कौल आपल्या विरोधात गेलाय हे त्यांनी उघड मान्य केलं, आणि परत त्याच लोकांना विचारलं.

ह्याच्या आधीचं १९७७ पण आठवा. आणीबाणी संपत आलेली, उत्तर भारतात काँग्रेस झाडून साफ, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांनी पडल्या. आणि कर्नाटक? २८ पैकी २६ काँग्रेसला! आपला चिक्कोडीही त्यातच, तिथले बी. शंकरानंद तर पुढं १९९६ पर्यंत हलले नाहीत. म्हणजे देशानं एक सांगितलं, कर्नाटकानं दुसरंच. तरी सरकार बदललं, इंदिराबाईंनी राजीनामा दिला, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी त्याच इंदिराबाईंना चिकमगळूरच्या लोकांनी पोटनिवडणुकीत लोकसभेत धाडलं.

त्या राजनारायण यांचीही गंमत बघा. हा माणूस १९७१ ला त्याच रायबरेलीत लाखाच्या फरकानं हरला होता. हरल्यावर लोकांना शिव्या घालत बसला नाही, अलाहाबाद हायकोर्टात निवडणूक याचिका घातली, की निवडणुकीत सरकारी यंत्रणा वापरली. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत अशी याचिका करायचा हक्क आजही प्रत्येक उमेदवाराला आहे, मतदारालाही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. १२ जून १९७५ ला कोर्टानं निवडणूक रद्द केली, त्यानंतर काय काय झालं ते सगळ्या देशानं भोगलं. पण सांगायचं ते इतकंच की निकालावर शंका असेल तर कागद घेऊन कोर्टात जायचा रस्ता आहे, व्हॉट्सॲपवर मतदाराची जात काढायची गरज नाही.

(पडद्यावर: काळे झेंडे, सायकल फेरी, १ नोव्हेंबर)

आता आपल्याकडचा खरा गुंता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून सीमाभागातल्या मराठी माणसाच्या डोक्यात एक प्रश्न आहे जो कुठल्याच मतपत्रिकेवर छापून येत नाही. आम्हाला कुठल्या राज्यात राहायचंय? सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती प्रत्येक निवडणुकीतनं हाच प्रश्न विचारायला बघते. १९९६ च्या लोकसभेला तर कमालच केली. बेळगावात ४५६ उमेदवार! एका जागेला! तेव्हा अपक्षाचं डिपॉझिट ५०० रुपये होतं, गावोगावची माणसं अर्ज भरत गेली, मतपत्रिकेची पुस्तिकाच छापायची वेळ आली. देशभर बातमी झाली. त्याच वर्षी डिपॉझिट दहा हजार झालं, आता पंचवीस हजार आहे. आणि त्या ४५६ मधनं निवडून कोण आलं? जनता दलाचे शिवानंद कौजलगी. समितीला जे सांगायचं होतं ते तिनं सांगितलं, बाकीच्या मतदारांना खासदार निवडायचा होता त्यांनी निवडला, बैलहोंगल आणि सौंदत्तीचा कानडी शेतकरी ह्या भांडणात कुणाचा शत्रू नव्हता. त्याचं मत आपल्या मताइतकंच भारी. हे आपल्या काही लोकांना म्हणवत नाही, पण म्हणायला पाहिजे.

तसं सरकारला पण म्हणायला पाहिजे. २००५ ला बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला. ठराव चुकीचा वाटला तर रद्द करा, कोर्टात जा, समोर बसून भांडा. झालं काय, महापौरांच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासलं गेलं आणि सरकारनं लोकांनी निवडून दिलेली महापालिकाच बरखास्त केली. २०११ ला परत बरखास्त, तेव्हा पक्ष दुसरा होता. म्हणजे ह्यात कुणी सोवळा नाही. विधानसभेत बहुमत मिळालं म्हणून गल्लीतल्या माणसानं आपल्या वॉर्डाला दिलेलं मत पुसायचा परवाना मिळत नाही.

आणि २०२१. सुरेश अंगडी चार वेळचे खासदार, केंद्रात रेल्वे राज्यमंत्री, कोरोनात गेले. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक. मंगला अंगडी जिंकल्या, सतीश जारकीहोळी हरले, फरक फक्त ५,२४० मतांचा. आणि समितीच्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांच्या वर मतं. एकूण मतांच्या सहाव्या हिश्श्याच्या आत असल्यावर नियमानं डिपॉझिट जातं, इथं ती मतं तेवढी नव्हती. पण सव्वा लाखाच्या जवळ माणसं, आपला उमेदवार निवडून येणार नाही हे बहुतेकांना माहीत असताना, रांगेत उभी राहिली ती काहीतरी सांगायलाच ना?

मग सप्टेंबर. महापालिका, पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हावर. ५८ पैकी ३५ भाजपला. झालं, एका बाजूनं आरोळी, सीमाप्रश्न संपला, मराठी माणसानंच संपवला! दुसऱ्या बाजूनं, मराठी माणूस गद्दार झाला! अहो, एप्रिल ते सप्टेंबर पाच महिने पण झाले नव्हते. एप्रिलमध्ये समितीला मत दिलेल्या कितीतरी घरांत सप्टेंबरात कमळावर बटण दाबलं गेलं असणार, वॉर्डात पाणी कोण सोडणार, गटार कोण काढणार हे बघून. त्यात गद्दारी कुठली आली? आणि प्रश्न संपला म्हणणाऱ्यांनी सांगावं, गटारीच्या निवडणुकीत राज्याच्या हद्दीचा निकाल कधी लागतो? हद्दीची केस २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे, ती ईव्हीएमवर नाही.

समितीचं म्हणाल तर २०१३ ला विधानसभेत दोन आमदार होते, खानापूर आणि बेळगाव दक्षिण. २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. ह्याचं खापर मतदारावर फोडणं सोपं आहे. समितीत किती गट झाले, एकाच मतदारसंघात दोन-दोन अर्ज कुणी भरायला लावले, हे येळ्ळूर, कडोली, उचगावच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो नावानिशी सांगेल, आणि वर म्हणेल, "आम्हाला काय विचारूलास, आधी तुमची बेकी मिटवा जावा."

बरं, निकाल लागला, गुलाल उडाला, पुढं काय? पुढं खासदार सगळ्यांचा. ज्यानं मत दिलं नाही त्याचाही, समितीला दिलं त्याचाही, 'नोटा'चं बटण दाबलं त्याचाही. हे शाळेत शिकवतात, पण आपली माणसं निकालानंतर खासदाराच्या ऑफिसची पायरी चढत नाहीत, का तर आम्ही त्यांना मत दिलेलं नाही, मग कुठल्या तोंडानं जायचं. आणि ऑफिसातही कधीकधी पहिला प्रश्न येतो, कुठल्या गावचे तुम्ही? बूथवारी आकडे सगळ्यांकडं असतात, कुठल्या गावानं किती दिली ते पाठ असतं. असू दे. सरकारी कागद मराठीतनं मिळावेत ही मागणी इथं कित्येक वर्षांची आहे, राज्यघटनेत भाषिक अल्पसंख्याकांसाठी ३५० ब कलम आहे, त्यासाठी वेगळा अधिकारी नेमायची तरतूद आहे, आणि दिल्लीत आपल्या वतीनं बोलायला जो माणूस आहे तो २०२४ च्या जूनमध्ये आरपीडीतनं गुलाल लावून बाहेर आला तोच आहे. दुसरा नाही. पुढचा येईपर्यंत पाच वर्षं त्याच्याकडंच जायचंय. तेव्हा अर्ज मराठीत लिहा, सोबत कानडी प्रत जोडा म्हणजे नाही म्हणायला जागा उरत नाही, गावाचं नाव ठळक घाला, आणि पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नका.