मुंबईचा विमानतळ, जमिनीखालून

(दृश्य : घाटकोपरच्या पत्र्यांवरून उतरत येणारं विमान. आवाज पूर्ण.)

आधी घाटकोपर, मग कुर्ला, मग जरीमरी. खिडकीतल्या वाळत घातलेल्या साड्या हलतात, बोलणारा मधेच थांबतो, विमान गेलं की वाक्य पुढे सुरू होतं. इथल्या लोकांच्या कानांचं काय होत असेल, तो वेगळा विषय.

दिवसभरात नऊशेच्या वर विमानं इथे चढतात आणि उतरतात. तीही एका वेळी एकाच धावपट्टीवरून. म्हणायला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एक चालू असली की दुसरी बंद. दिल्लीहून वेळेवर निघालेलं विमान मुंबईच्या डोक्यावर येऊन घिरट्या घालत बसतं, ते बहुतेक वेळा यामुळेच. पावसाळा संपला की एखादा दिवस ठरवून दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते. तिकीट काढताना नजर टाका.

(दृश्य : वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, संध्याकाळ. लाल दिव्यांची न हलणारी ओळ.)

आणि हा रस्ता. या ओळीतल्या किती गाड्यांच्या डिकीत बॅगा आहेत, मोजून पाहा. एक माणूस परदेशी निघालाय आणि त्याला सोडायला चौघं. टर्मिनलच्या दारात जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. दोन्ही असेल त्यालाच आत सोडतो. बाकीचे काचेबाहेर.

(दृश्य : टी-२ म्हणजे दुसऱ्या टर्मिनलचं प्रस्थान, फाटकाबाहेरची मंडळी. निवेदन नाही. वीस सेकंद.)

सोडायला जरूर या. फक्त गाडी घरी ठेवा. कशी, ते आता बघू.

पण आधी एक खात्री करा : तुमचं विमान टी-१वरून आहे की टी-२वरून? टी-१वरून फक्त देशातली विमानं सुटतात. टी-२ म्हणजे सहार, तिथून देशातली आणि परदेशातली दोन्ही. कोणती कंपनी कुठल्या टर्मिनलला, हे बदलत असतं. गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका, तिकीट उघडा. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘शिवाजी महाराज’ सांगितलंत तर तो तुम्हाला बोरीबंदरला, त्याच नावाच्या रेल्वे स्टेशनावर, नेऊन सोडू शकतो, त्यात त्याची चूक नाही. आणि घरातली मोठी माणसं अजूनही टी-१ला सांताक्रूझ एअरपोर्ट म्हणतात. त्यांचं ऐकून मेट्रोच्या सांताक्रूझ स्टेशनावर उतरलात तर बाहेर वाकोला सापडेल, विमानतळ नाही. टी-१चं स्वतःचं स्टेशन आहे, एक थांबा पुढे.

(दृश्य : मेट्रो-३, फलाटावर शिरणारी गाडी. सरकते जिने. बॅगा घेतलेले प्रवासी.)

ही मुंबईची पहिली पूर्ण भुयारी मेट्रो. कफ परेड ते आरे, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. या मार्गावरचं फक्त आरेचं स्टेशन जमिनीवर आहे. मधे चर्चगेट, सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर, बीकेसी आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनलं. पूर्ण मार्गाचं तिकीट ७० रुपये. कफ परेडहून टी-२ला साधारण पाऊण तास. गाडी सिग्नलला थांबत नाही, पावसात तुंबत नाही आणि ‘उलट्या दिशेचं भाडं नाही’ असं म्हणत नाही.

हे सगळं किती उशिरा झालं, याचाही हिशोब मांडायला हवा. जुहूचं धावपट्टीवजा मैदान १९२८चं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन तिथेच उतरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचा तळ उभा राहिला. टी-२ची ही पांढरी छतं २०१४ साली आली. त्याच वर्षी हायवेपासून सहारपर्यंत उन्नत रस्ताही झाला, मोटारींसाठी. रूळ मात्र कोणी टाकले नाहीत. टाटांचं विमान जुहूला उतरल्यापासून ९२ वर्षांनी, ऑक्टोबर २०२४मध्ये, मुंबईच्या विमानतळावर पहिल्यांदा रेल्वेने जाता आलं.

(दृश्य : जुनं चित्रण. भुयार खोदणाऱ्या यंत्राचं तोंड, धूळ, शिट्ट्या, हेल्मेटं.)

त्यासाठी काय करावं लागलं, ते पाहा. मुंबईच्या पोटात बेसॉल्ट आहे. काही ठिकाणी तो इतका टणक, की यंत्राचे दात झिजतात, आणि काही ठिकाणी अचानक भुसभुशीत थर लागतो. अशा दगडातून एकूण १७ यंत्रं सोडली होती. बहुतेकांना नद्यांची नावं : कृष्णा, वैतरणा, तापी, वैनगंगा. मरोळच्या पाली मैदानात खोल खड्डा खणून ‘गोदावरी’ खाली उतरवली. सव्वा किलोमीटर दगड कातरत ती सप्टेंबर २०१८मध्ये टी-२च्या स्टेशनात भिंत फोडून बाहेर आली. अख्ख्या मार्गावरचं हे पहिलं भुयार, आणि ते विमानतळाच्या दारात उघडलं. वर विमानं उतरत होती, रिक्षा धावत होत्या, कोणाला पत्ताही नव्हता. पुढे बीकेसी आणि धारावीच्या मधे याच मार्गाचं भुयार मिठी नदीच्याही खालून गेलं. आरे ते बीकेसी २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, वरळीपर्यंत मे २०२५मध्ये, आणि कफ परेडपर्यंत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. खर्च सुमारे ३७ हजार कोटी. आरेच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९मध्ये दोन हजारांवर झाडं तोडली गेली, गिरगाव-काळबादेवीतल्या काही कुटुंबांना घरं सोडावी लागली.

(दृश्य : मरोळ नाका. एका मेट्रोतून दुसऱ्या मेट्रोत जाणारी गर्दी.)

आता वाट कशी काढायची? पुण्याहून डेक्कन क्वीनने किंवा इंद्रायणीने येणाऱ्यांनी दादरला उतरावं. मेट्रोचं स्टेशन पश्चिमेला आहे, थोडं चालावं लागतं. बॅगा जड असतील तर तीच गाडी सीएसएमटीपर्यंत पकडून ठेवा आणि तिथून भुयारात शिरा. डोंबिवली, कल्याण, ठाणेकरांनी लोकलने घाटकोपर गाठावं, तिथून मेट्रो-१, मरोळ नाक्याला बदल, आणि पुढचंच स्टेशन टी-२. बोरिवली-विरारची मंडळी अंधेरीला उतरून हीच मेट्रो-१ धरतील. टी-१ला जायचं असेल तर विलेपार्ले पूर्वेला उतरून रिक्षाही चालते.

टी-१वर उतरलात आणि पुढचं विमान टी-२वरून आहे? रस्त्याने जीव मुठीत धरून जाण्यापेक्षा खाली या. मधे सहार रोड हे एकच स्टेशन.

दोन गोष्टी सांभाळा. भुयारात मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून मेट्रोचं तिकीट आणि बोर्डिंग पास दोन्ही आधीच फोनमध्ये साठवा. दुसरं, टी-१चं स्टेशन टर्मिनलच्या पुढ्यात आहे, पण टी-२ला वर आल्यावर चालायचं आहे. म्हातारं माणूस बरोबर असेल तर पंधरा मिनिटं जास्तीची धरा.

(दृश्य : जेवणाचं टेबल. उघडी बॅग. डबे, पिशव्या, वजनकाटा.)

ही बॅग घरीच नीट भरा, काउंटरवर उघडून बसायची वेळ येऊ देऊ नका. सुकं खोबरं बॅगेतून काढा. त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मालात मोडतं. पूजेच्या पुडीतला कापूर आणि काडेपेटीही तशीच. लोणचं हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत, तेही झाकण चिकटपट्टीने बंद करून. पॉवर बँकेचं उलट आहे : ती मोठ्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवायची.

आणि दुबई, सौदी, सिंगापूरला निघालेल्यांनी हा डबा नीट पाहावा. अनारसे. त्यावर काय लावलंय? खसखस. तिकडे ती अमली पदार्थांच्या यादीत आहे. आईने कितीही प्रेमाने दिले असले तरी हे अनारसे इथेच खाऊन संपवा. गरम मसाल्याच्या पुडीतही खसखस असते, ते विचारून घ्या.

(दृश्य : टी-२च्या छताखालचे खांब, खालून वर.)

देशातल्या विमानासाठी दोन तास आधी, परदेशी जाणाऱ्यासाठी तीन तास. चेहरा दाखवून आत जायची डिजियात्रा हवी असेल तर ॲपवरची नोंदणी घरी करून या. नको असेल तर साधी रांग आहेच, सक्ती कोणी करत नाही. आत प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. फलकावर डोळा ठेवा, गेट बदललेलं तिथेच कळतं. सुरक्षा तपासणीच्या पुढे आम्हाला चित्रीकरण करता येत नाही, म्हणून भिंतींवरची ती सगळी कला तुम्हीच पाहा.

(दृश्य : आगमन, मध्यरात्र. नावांच्या पाट्या धरलेले चालक.)

परतीचा प्रश्न राहिला. मेट्रोची शेवटची गाडी रात्री साडेदहाला सुटते आणि परदेशातली बरीच विमानं त्यानंतर उतरतात. तेव्हा प्रीपेड टॅक्सीची खिडकी किंवा ॲपवरची गाडी. रिक्षा उपनगरात कुठेही नेईल, पण माहीम आणि शीव ओलांडून शहरात येत नाही. पहाटे चार-पाचला उतरलात आणि घाई नसेल, तर चहा घ्या. सकाळी सहाच्या आसपास पहिली मेट्रो निघते.

(दृश्य : तिकिटाचा मोबाइल स्क्रीन, जवळून.)

तिकीट काढताना आता हेही पाहायचं : बीओएम (मुंबई) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई)? २५ डिसेंबर २०२५पासून उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली आहेत. पनवेल, पुणेकरांना तो सोयीचा. दोन्ही विमानतळ जोडणारी मेट्रो-८ अजून कागदावर आहे. एनएमआयचं तिकीट असेल तर या मेट्रोने सहारला येऊ नका. आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचं असेल, तर मधला अख्खा ठाणे खाडीचा फेरा वेळेत धरा.