हात उठण्याआधीची दोन मिनिटं

हा दुधाचा ग्लास बघा. टेबलाच्या अगदी कडेला ठेवलाय, तीन वर्षांचं पोर हात पुढे करतंय आणि गेला, सांडला. आता पुढे काय होणार हे दुधावर नाहीच, ते त्या खोलीतल्या मोठ्या माणसाची रात्री झोप झालीये का, हातात पैसा आहे का, आणि तो स्वतः एवढा असताना असं काही सांडलं की घरात काय व्हायचं, यावर आहे.

घरातलीच माणसं मुलांना एवढं मारतात हे मान्य करायला डॉक्टरांनाही खूप वेळ लागला. १९६२ साली अमेरिकेत हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी याच्यावर लेख लिहिला तेव्हा कुठे उघड बोलणं सुरू झालं. एक्स-रे मध्ये एकाच बाळाचं एक हाड जुनं, जुळत आलेलं, दुसरं ताजं मोडलेलं, आणि घरचे सांगतायत पडलं म्हणून.

असे आईबाप वेडेच असणार असं आपण म्हणून टाकतो. पण बहुतेक जण तसे नसतात, आणि हेच पचायला जड जातं.

रात्रीचे तीन वाजलेत, बाळ दीड महिन्याचं, दोन तास झाले रडतंय. दूध पाजून झालं, लंगोट बदलून झाला, फेऱ्या मारून झाल्या. बाळांचं रडणं दुसऱ्या महिन्यात सगळ्यात जास्त असतं आणि कधीकधी त्याला काही कारणच नसतं, पण हे या आईला कोणी सांगितलेलंच नाही, तिला वाटतंय आपल्यालाच जमत नाहीये, आणि घरात उठवावं असं दुसरं कोणी नाही. अशाच वेळी बाळाला धरून गदागदा हलवलं जातं आणि मेंदूत रक्तस्राव होतो. खरं तर बाळाला पाठीवर सुरक्षित झोपवून दहा मिनिटं बाहेर जाऊन बसलं तरी चालतं हो, रडून बाळाला काही होत नाही.

दुसरं कारण म्हणजे "मुद्दाम करतोय" हे वाक्य. दोन वर्षांच्या मुलाने चड्डी ओली केली की काही जणांना ते आव्हान वाटतं, त्या वयात काय जमतं आणि काय नाही हे माहीतच नसतं ना. त्यात दारू, कर्ज, नवराबायकोची मारामारी असेल तर मग विचारूच नका. गरिबीने ताण वाढतो हे खरं, पण बहुतेक गरीब आईबाप मुलांना असं मारत नाहीत, आणि पैसेवाल्या घरात दार बंद असतं एवढंच.

लैंगिक अत्याचार मात्र या हिशोबात धरू नका, तिथे थकवा नसतो, ताबा आणि गुपित असतं.

आणि लहानपणी मार खाल्लेला माणूस मारणारच, हेही खरं नाही. १९८७ मध्ये जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी तोवरचे अभ्यास तपासून अंदाज काढला तो साधारण ३० टक्क्यांचा, म्हणजे बाकीचे थांबले. थांबलेल्यांपैकी अनेकांना लहानपणी एखादं तरी मायेचं मोठं माणूस भेटलं होतं, किंवा पुढे समजून घेणारा जोडीदार, नाहीतर थेरपी.

तो ग्लास अजून जमिनीवरच आहे. बापाचा हात वर गेलाय. आतून कोणीतरी फडकं घेऊन येतं आणि म्हणतं, "तू जरा गॅलरीत जा, मी पुसते."