लोखंड, तांबे आणि एक कोरा कागद
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : तपकीर गल्ली. दुकानांची शटर वर जात आहेत. तारांची रिळे, पॅनेल मीटर, ट्रान्सफॉर्मरांच्या राशी.)

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली जागी होत असताना तिथे कोणती वस्तू मिळणार नाही, असे विचारावेसे वाटते. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ध्वनिवर्धक, घरी बांधू पाहणाऱ्याला रोधक, कपॅसिटर, सॉकेट, अॅल्युमिनियमची पेटी हे सारे या परिसरात एका फेरीत जमवता येते. व्हॉल्व्हसुद्धा मिळतात, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले आणि त्यांतले काही नग बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात आजही हाती लागतात. गाडी अडते ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी.

(दृश्य : टेबलावर ईएल84 व्हॉल्व्ह, शेजारी स्पीकर. दोघांच्या मधली जागा रिकामी.)

या रिकाम्या जागेचे काम समजून घेऊ. ईएल84 हा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह 250 व्होल्टवर 48 मिलिअँपिअर प्रवाह घेतो आणि पाच हजार ओहमच्या आसपास भार मिळाला की साडेपाच वॅटच्या घरात आवाज देतो. स्पीकर मात्र आठ ओहमचा. एकाकडे दाब भरपूर आणि प्रवाह जेमतेम, तर दुसऱ्याला दाब थोडा आणि प्रवाह भरपूर लागतो. या दोघांची गाठ घालून देणारा तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. पाच हजाराला आठाने भागले की 625 येतात, 625 चे वर्गमूळ 25. म्हणून व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीच्या, म्हणजे प्रायमरीच्या, पंचवीस वेढ्यांमागे स्पीकरकडच्या गुंडाळीचा, म्हणजे सेकंडरीचा, एक वेढा, एवढेच त्याचे मूळ गणित आहे. गणित सोपे असूनही वस्तू अवघड का, याचे उत्तर याच गल्लीच्या मागे, एका वाड्याच्या तळमजल्यावर मिळते. पण तिथे पोहोचण्याआधी आम्ही दोन-तीन स्वस्त वाटा चालून पाहिल्या, आणि त्या इथे दाखवणे आवश्यक वाटते.

(दृश्य : जुन्या रेडिओचे उघडे पोट. बोटाएवढा ट्रान्सफॉर्मर.)

पहिली वाट जुन्या रेडिओची. मर्फी, बुश, फिलिप्स अशा संचांतून निघणारा हा ट्रान्सफॉर्मर फुकटात पडतो आणि ज्या व्हॉल्व्हसाठी तो बनला त्याच जातीच्या व्हॉल्व्हला चोख बसतो. त्याचे लोखंड मात्र लहान आहे. रेडिओच्या लाकडी पेटीत आणि छोट्या स्पीकरवर बातम्या आणि गाणी ऐकण्यापुरता तो पुरेसा होता. पखवाजाचा डावा हात त्याच्यातून पूर्ण बाहेर येत नाही. पहिल्या प्रयोगासाठी तो वापरावा, असे आम्ही अवश्य सांगू.

(दृश्य : शाळेच्या गच्चीवर कर्णा. मग कर्ण्यामागचा ट्रान्सफॉर्मर हातात.)

दुसरी वाट सभामंडपातील ध्वनिक्षेपकाची. शाळा, देवळे आणि मंडळांच्या कर्ण्यांना 100 व्होल्टच्या लाइनवरून आवाज पुरवला जातो आणि त्या प्रत्येक कर्ण्यामागे लाइन ट्रान्सफॉर्मर असतो. तो स्वस्त आहे आणि गावोगावच्या माइकवाल्यांकडे मिळतो. ज्याच्यावर दहा, पाच, अडीच आणि सव्वा वॅटची टॅपिंग, म्हणजे गुंडाळीतून मध्येच बाहेर काढलेली टोके, आहेत असा नग घ्यावा आणि कागदावर हिशोब मांडावा. 100 व्होल्टला सव्वा वॅट म्हणजे 8000 ओहम. पाच वॅट म्हणजे 2000 ओहम. ओहम चौथाई होतात तेव्हा वेढे निम्मे असतात, याचा अर्थ पाच वॅटचे टॅपिंग हे सव्वा वॅटच्या गुंडाळीचे बरोबर मधले टोक आहे. दोन ईएल84 पुश-पुल जोडीने, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो असे, लावायचे तर दोघांच्या प्लेटांमध्ये 8000 ओहम आणि मधोमध एचटी, म्हणजे उच्च दाबाचा पुरवठा, हीच मांडणी लागते. कोणीही मुद्दाम न बनवलेला पुश-पुल ट्रान्सफॉर्मर असा आयता हाती येतो, आणि हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा आम्हाला झालेला आनंद खरा होता.

(दृश्य : ऑसिलोस्कोपचा पडदा. गोल लहरीचे माथे चपटे होत आहेत.)

आता हा पडदा पाहावा. 8000 ओहममध्ये दहा वॅट घालायचे तर गुंडाळीवर 283 व्होल्ट चढतात, आणि ती गुंडाळी तर 100 व्होल्टसाठी बनलेली आहे. लोखंडात चुंबकीय प्रवाह किती साठतो हे व्होल्ट आणि वारंवारता यांच्या प्रमाणावर ठरते. जो ट्रान्सफॉर्मर 100 व्होल्टला 50 हर्ट्झपर्यंत नीट चालतो, तोच 283 व्होल्टला 140 हर्ट्झच्या खाली गुदमरतो. तुम्ही पाहत आहात ती लहर त्याच गुदमरण्याची आहे. हळू आवाजात, एक-दीड वॅटवर, हा स्वस्त सौदा चांगला चालतो; त्याहून जास्त मागितले की खर्ज हातचा जातो. शिवाय एकट्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिंगल-एंडेड रचनेत तो वापरूच नये, कारण तिथे प्रायमरीतून सतत एकाच दिशेने डीसी प्रवाह जातो आणि हे लोखंड त्यासाठी बांधलेले नसते. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचे डीसी प्रवाह लोखंडात परस्परांना खोडून काढतात, म्हणून तिथे निभते.

(दृश्य : टेबलावर मल्टिमीटर, आकडा 0.70.)

तिसरी वाट तयार मालाची. परदेशात घरगुती बांधणीसाठी चांगले ट्रान्सफॉर्मर बनतात. कॅनडातील हॅमंड कंपनी 1917 साली सुरू झाली आणि तिची 125 मालिका अनेक टॅपिंगमुळे बऱ्याच व्हॉल्व्हशी जुळवून घेते. पण लोखंड विमानाने येते तेव्हा वजनाचे पैसे पडतात आणि वर सीमाशुल्क. म्हणून आम्ही एका दुकानातून ‘5 वॅट, 5000 ओहम’ असे लेबल लावलेली स्वस्त जोडी घेतली. प्रायमरीला 12 व्होल्ट एसी देऊन सेकंडरीवर काय येते ते मोजले. 25 चे प्रमाण असते तर 0.48 व्होल्ट यायला हवे होते, मीटरने 0.70 दाखवले. म्हणजे प्रमाण सतराचे, आणि आठ ओहमचा स्पीकर जोडला की तो व्हॉल्व्हच्या बाजूने सुमारे 2350 ओहमचा दिसणार. लेबलावरचा आकडा आणि आतले तांबे यांचा संबंध नव्हता. ही चाचणी करायला दोन मिनिटे आणि एक साधा अॅडॉप्टर ट्रान्सफॉर्मर लागतो. कोणताही नग विकत घेण्याआधी दुकानातच ती करून पाहावी, आणि दुकानदार करू देत नसेल तर तो नग तिथेच ठेवावा.

(दृश्य : वाड्याचा दरवाजा, अरुंद जिना, खालची खोली. हाताने फिरवायचे वाइंडिंग मशीन.)

म्हणून आम्ही या खोलीत आलो. इथे मिक्सर, पंखे आणि स्टॅबिलायझर यांची वाइंडिंग होतात. ती करणाऱ्या काकांनी पन्नास वर्षांपूर्वी रेडिओच्या दुकानात उमेदवारी केली होती आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर शेवटचा कधी भरला हे त्यांना आठवत नाही, मात्र आमचा कागद पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “सिंगल का डबल? सिंगल असेल तर स्टॅम्पिंग उलटसुलट घालायचे नाहीत, कागद घालायचा.” तयार मालाच्या पेटीत जे नव्हते ते या एका वाक्यात होते.

(दृश्य : 33 नंबरचे स्टॅम्पिंग. ई आणि आय आकाराच्या पट्ट्या. फूटपट्टी मधल्या पायावर.)

बाजारात 33 नंबरचे म्हणून मिळणारे हे स्टॅम्पिंग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे लोखंड ज्यांच्या थप्पीने बनते त्या पातळ पट्ट्या. मधला पाय 28 मिलिमीटर रुंद आणि थप्पीची उंचीही तितकीच ठेवली आहे. प्रायमरीसाठी 36 गेजची तार, सेकंडरीसाठी 21 गेजची. प्रायमरीचे 3000 वेढे आणि सेकंडरीचे 120, असा काकांशी बसून ठरवलेला बेत आहे. मापे आमच्या चुका पोटात घालतील इतकी सढळ आहेत. जिथे पैसे वाचवायचे तिथे वाचवावेत, लोखंडात वाचवू नयेत.

(दृश्य : हँडल फिरते. तार बॉबिनवर बसते. मोजणीयंत्राचे आकडे : 0163, 0164, 0165.)

एका थरात 165 च्या आसपास वेढे बसतात. काका तार अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरतात आणि कडेला दीड मिलिमीटर जागा सोडून परत फिरतात, कारण कडेचा एखादा वेढा खालच्या थरात घसरला तर तिथे दूरच्या वेढ्यांमधला व्होल्टचा फरक समोरासमोर येतो आणि तारेवरचा मुलामा कधीतरी फुटतो. प्रत्येक थरावर पातळ कागद. तीन थर झाले, 500 वेढे झाले. इथे प्रायमरी थांबते.

(दृश्य : जाड तार. तीच बॉबिन. चाळीस वेढे, एक थर.)

आणि सेकंडरीचा पहिला थर सुरू होतो. आपण शिकलेल्या चित्रात एका पायावर प्रायमरी आणि दुसऱ्यावर सेकंडरी असते. चांगल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ती एकमेकींच्या अंगात शिरलेली असतात. 500 वेढे प्रायमरी, 40 सेकंडरी, 1000 प्रायमरी, 40 सेकंडरी, 1000 प्रायमरी, 40 सेकंडरी आणि शेवटी 500 प्रायमरी. प्रायमरीचे चार भाग एकापुढे एक जोडलेले, सेकंडरीचे तीन भाग तसेच. दोन्ही गुंडाळ्या जितक्या जवळ राहतील तितका त्यांच्यामधून निसटणारा चुंबकीय प्रवाह कमी आणि तितके वरचे सूर, तंबोऱ्याची जवारी, झांजेचा काठ, सुरक्षित पोहोचतात. 1947 साली ब्रिटिश अभियंते विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात आपला अॅम्प्लिफायर प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी याच दोन गोष्टींवर बोट ठेवले होते : प्रायमरीचे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुंडाळीचा गुण, किमान 100 हेन्री हवे आणि गळतीचे इंडक्टन्स 30 मिलिहेन्रीपेक्षा जास्त नको. ते पुश-पुलचे, मोठ्या व्हॉल्व्हचे माप होते; आपल्या छोट्या सिंगल-एंडेडला 30 हेन्रीत भागते. पण खर्ज इंडक्टन्सवर आणि तार सप्तक गळतीवर अवलंबून, हा नियम तोच आहे. तयार स्वस्त नगात एकावर एक दोनच भाग भरलेले आढळतात, कारण थरागणिक थांबायला वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात. काकांनी या बॉबिनवर अख्खी दुपार घालवली. त्यांच्या मजुरीत तो वेळ धरला तरीही हा ट्रान्सफॉर्मर परदेशी नगाच्या निम्म्याहून कमी खर्चात पडला.

(दृश्य : मोजणीयंत्र 3000. काका मशीन थांबवतात. निवेदन नाही. फक्त रस्त्यावरचा आवाज.)

(दृश्य : काका वहीतून कोरा कागद फाडतात. कात्रीने पट्ट्या कापतात.)

आता कागद. ई आकाराच्या साऱ्या पट्ट्या एका बाजूने बॉबिनमध्ये घातल्या, आय आकाराच्या साऱ्या समोर ठेवल्या, आणि दोन्हींच्या मध्ये हा साधा कागद, जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर. चुंबकीय प्रवाह मधल्या पायातून जाताना एकदा आणि बाजूच्या पायांतून परतताना एकदा असा हा कागद दोन वेळा ओलांडतो, म्हणून फट दोन दशांश मिलिमीटरची धरायची. एवढ्याशा फटीमुळे 48 मिलिअँपिअरचा डीसी लोखंडाला संपृक्त करू शकत नाही आणि संगीताच्या लहरीला दोन्ही बाजूंनी हलायला जागा उरते. कागद काढला तर लोखंड डीसीनेच भरून जाते. दोन कागद घातले तर इंडक्टन्स घटते आणि खर्ज पातळ होतो. शंका असेल तेव्हा कागद बदलून ऐकावे. बोल्ट सैल करून हे पाच मिनिटांत जमते आणि याला पैसे लागत नाहीत.

(दृश्य : वजनकाटा. वार्निशच्या डब्यात बुडवलेला ट्रान्सफॉर्मर. बुडबुडे.)

वजन सव्वा किलो. आम्ही विकत घेतलेल्या नगाचे, त्याच लेबलाखाली, चारशे ग्रॅम होते. वार्निशचे बुडबुडे थांबले की आतली हवा निघाली असे समजायचे, मग रात्रभर वाळवायचे.

(दृश्य : बांधलेला अॅम्प्लिफायर. व्हॉल्व्हची तार तांबूस होते.)

अॅम्प्लिफायरमध्ये तीनशे व्होल्ट असतात, ते बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात आणि जीव घेऊ शकतात. स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नये.

(दृश्य : मल्टिमीटर, आकडा 0.48. त्यानंतर ऑसिलोस्कोप, 40 हर्ट्झ, लहरीचे दोन्ही माथे गोल.)

(दृश्य : खोलीत विविधभारती. काका खुर्चीत बसून ऐकतात. निवेदन नाही. पाऊण मिनिट.)

(दृश्य : काका पेनाने बॉबिनच्या कडेवर लिहितात.)

‘3000, 120, कागद 1.’ स्टिरिओला दोन ट्रान्सफॉर्मर लागतात आणि दोन्ही सारखे लागतात, वेढ्याला वेढा, थराला थर, म्हणून ही नोंद. मोजणीयंत्र शून्यावर आणले जाते आणि दुसरी बॉबिन मशीनवर चढते.