नाव दोन शब्दांचं, फाइल एकच

[टर्मिनल. कर्सर लुकलुकतो आहे.]

फोल्डरमध्ये तीन फायली आहेत. 'आजीच्या ओव्या', 'जात्याची घरघर', 'भोंडल्याची गाणी'. रेकॉर्डिंग केलं त्या मुलीनेच ही नावं दिली, घरात बोलतो तशी, मधे जागा सोडून.

आता ती बॅशमधली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी असलेली फाइल, चालवते आहे. फायली बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या, एवढंच काम. प्रत्येक नाव तिने अवतरणचिन्हांत, म्हणजे कोटांत, घातलंय. उत्तर बघा. 'आजीच्या' सापडली नाही. 'ओव्या' सापडली नाही.

[तिचे हात. नाव बदलायला घेते.]

आता ती मधे अंडरस्कोर घालेल. 'नावात स्पेस देऊ नका', आपल्याला हेच शिकवतात. पण चूक नावात नाहीच.

[चालू असलेल्या त्याच स्क्रिप्टची आर्ग्युमेंटं, म्हणजे तिला दिलेली नावं, हेक्समध्ये: प्रत्येक बाइट सोळाच्या अंकपद्धतीत.]

तिने टाइप केलेली ओळ आधी शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, इथे बॅश, वाचतं. मोकळ्या जागेवर तोडतं, कोटातलं मात्र एकत्र ठेवतं, आणि मग कोट काढून टाकतं. पुढे जाते ती सुटी सुटी यादी. लिनक्स ती आपल्याला 'प्रोक' या खास फोल्डरमध्ये दाखवतं. 'आजीच्या' आणि 'ओव्या' यांच्यामधे २० आहे, म्हणजे साधी स्पेस. 'ओव्या'नंतर ००. आर्ग्युमेंट संपतं ते या शून्यावर. म्हणजे स्क्रिप्टच्या दारापर्यंत नाव अखंड पोचलं होतं.

मोडलं ते आत. ही ओळ पाहा: $@, म्हणजे स्क्रिप्टला मिळालेली सगळी आर्ग्युमेंटं, पण भोवती कोट नाहीत. कोट नसले की शेल मिळालेला मजकूर पुन्हा तोडतं. कुठे तोडायचं ते आयएफएस नावाचं व्हेरिएबल ठरवतं: स्पेस, टॅब, नवी ओळ.

[तीन खिडक्या शेजारी शेजारी. आर्ग्युमेंटं मोजणारी चाचणी.]

तीच तीन नावं, तीन तऱ्हांनी. कोटाशिवाय $@: सहा. कोटात $*, सगळी आर्ग्युमेंटं मागण्याची दुसरी खूण: एक, कारण तिन्ही नावं चिकटून एकच लांब ओळ झाली. कोटात "$@": तीन. जितकी दिली तितकीच, जशीच्या तशी. ही सोय नवी नाही. १९७९ साली सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर स्टीफन बोर्न यांचं शेल आलं, तेव्हापासून $@ आहे.

[स्क्रिप्टची दुरुस्ती. हळू.]

वर "$@". खाली, एकेक फाइल घेणाऱ्या लूपमध्ये, नाव धरणाऱ्या व्हेरिएबललाही कोट. हे दुसरं हमखास राहून जातं, आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. हायफनने सुरू होणारं नाव आज्ञेचा पर्याय (ऑप्शन) समजलं जाऊ नये म्हणून कॉपीच्या आज्ञेत नावाआधी दोन हायफन.

२००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २ या संगीताच्या प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमध्ये असेच कोट राहिले होते. नावात स्पेस असलेल्या काही डिस्कांवरचा डेटा पुसला गेला.

[ती एंटर दाबते.]

नावं बदललेली नाहीत. अंडरस्कोर नाही.

[डिस्कचं फोल्डर. एक फाइल, दुसरी, तिसरी. मधल्या जागेसकट.]

[निवेदन थांबते. 'आजीच्या ओव्या' वाजू लागते.]