पाण्याचा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाला, आमच्या अण्णाला, स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय येणं असा मनाचा आजार. त्याला विचारूनच हे बोलतेय. "सांग, पण नाव घेऊ नको," एवढीच त्याची अट. आजार सुरू झाला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, टॉवेलच्या कारखान्यात कामाला जायचा. पुढची पंधरा वर्षं आईनं त्याला तळहातावर जपलं. ताट वाढून समोर, गोळी हातावर, अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं. अशी आई मिळायला नशीब लागतं, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि ते खरंच होतं.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मी कामावर जायला लागले. पहिल्याच संध्याकाळी घरी आले तर अण्णा ओट्यापाशी उभा. सकाळपासून पोटात काही नाही. टोपलीत कडक भाकरी होती, फळीवर शेंगाचटणीची बरणी होती. पण आपल्या हातानं वाढून घ्यायचं, हे पंधरा वर्षांत त्याच्यावर कधी आलंच नव्हतं. मला वाटायचं आजारानं त्याला असं केलं. त्या संध्याकाळी कळलं की त्यात आमच्या मायेचाही वाटा आहे.

अशा माणसाला लोक सरळ आळशी म्हणतात. मीही म्हटलंय, त्याच्या तोंडावर. नंतर डॉक्टरांनी समजावलं. गोळ्यांनी कानात येणारे आवाज आणि संशय पुष्कळ कमी होतात. पण उठावंसं न वाटणं, काम सुरूच करता न येणं, आधी काय आणि नंतर काय याचा क्रम हातातून निसटणं, या गोष्टींवर गोळ्यांचा फारसा जोर चालत नाही. हाही आजारच आहे. त्याला उपाय म्हणजे शिकणं आणि रोज करणं.

आम्ही चहापासून सुरुवात केली. चहा म्हणजे एक काम वाटतं ना? कागदावर लिहायला बसले तर कितीतरी कामं निघाली. मापानं पाणी घेणं, शेगडी पेटवणं, साखर, पत्ती, उकळी येईपर्यंत तिथंच थांबणं, दूध, गाळणं, आणि शेवटी गॅस बंद करून रेग्युलेटर फिरवणं. पहिला आठवडा अण्णानं फक्त आधण ठेवायचं, पुढचं मी करायचं. मग साखर-पत्ती त्याच्याकडे. मी आधी त्याच्या शेजारी उभी राहायचे, मग उंबऱ्यात, मग बाहेरच्या खोलीत. कामांची चित्रं काढून तो कागद शेगडीमागं चिकटवला. हे आमच्याच ओट्यावर, आमच्याच लायटरनं करणं महत्त्वाचं होतं. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप जमेल, असं या आजारात धरून चालता येत नाही.

आणि सगळ्यात अवघड काय होतं सांगू? "सरक, मी करते," हे तोंडातून न काढणं. मी घाईत असायचे, दूध उतू जायचं, आणि तो शब्द जिभेवर यायचाच. एकदा आला. त्यानंतर चार दिवस अण्णानं शेगडीला हात लावला नाही.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात इस्पितळातून घरी सोडलेल्या रुग्णांचा अभ्यास केला होता. पुढच्या बऱ्याच संशोधनातून दिसलं की ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोलतात, किंवा त्याची प्रत्येक गोष्ट आपल्याच हातात घेतात, तिथं आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. टोचून बोलणं वाईट, हे कुणालाही पटेल. पण अती जपणंही त्याच रांगेत बसतं, हे पचवायला मला बराच वेळ लागला.

आपल्या सोलापुरात आणखी एक काम शिकवावंच लागतं, ते म्हणजे पाणी भरणं. रोज पाणी येणाऱ्या गावच्या माणसाला याचं महत्त्व कळणार नाही. इथं पाण्याचा दिवस चुकला तर पुढं काही दिवस घर कोरडं. अण्णानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनानं गोल करायला सुरुवात केली. मोबाइलवर गजर लावला. आधी टाकी, मग प्यायचं पाणी, मग पिंप, हा क्रम त्यानं स्वतः ठरवला. एकदा मोटार चालू राहिली आणि पाणी गल्लीत गेलं. शेजारच्या तेलुगू मावशींनी हाक मारली, त्यानं बंद केली. तेव्हापासून मोटारीचा वेगळा गजर लागतो.

औषधांचं आता थोडक्यात सांगते. आठवड्याची कप्प्यांची डबी मिळते. रविवारी ती अण्णा भरतो, मी फक्त बघते. रात्री दात घासले की गोळी, अशी सांगड घातली. आपल्या उन्हाळ्यात मात्र डोळ्यांत तेल घालून राहायला हवं. यातल्या काही औषधांनी अंगाला उष्णता सोसवत नाही. ज्यांना लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, चालू आहे, त्यांनी पाणी भरपूर प्यावं आणि जेवणातलं मीठ एकदम तोडू नये. घामानं शरीरातलं पाणी गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

एका दवाखान्यात डॉक्टर मलाच विचारायचे, "हा झोपतो का? खातो का?" अण्णा समोरच बसलेला असायचा. आता आम्ही आदल्या रात्री चिठ्ठी तयार करतो आणि ती तोच वाचून दाखवतो. आपल्या डॉक्टरांशी आपण बोलणं, हेही शिकायचंच कौशल्य आहे. सोलापुरात सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे. तिथं जाऊन केसपेपरच्या रांगेत आपल्या माणसालाच उभं करा. आपण मागं थांबायचं.

आजार उसळलेला असतो तेव्हा मात्र काहीही शिकवायला जाऊ नका. तेव्हा उपचार, झोप आणि शांत घर. अण्णाची खूण आम्हाला माहीत आहे. सलग दोन रात्री जागा राहिला आणि अंघोळ टाळायला लागला की आम्ही डॉक्टरांकडे जातो. ही खूणही त्यानंच सांगून कागदावर लिहून घेतली आहे.

कायदाही या माणसांच्या बाजूनं आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा त्यांना समाजात राहण्याचा हक्क देतो. आजार वाढला तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे बरं असताना लिहून ठेवता येतं. आपल्या वतीनं बोलणारा माणूसही स्वतः नेमता येतो. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी तपासणी होते, त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम.

कामाचं सांगायचं तर गल्लीतल्या एका कारखान्यात अण्णा रोज दोन तास टॉवेलच्या घड्या घालतो. डझनावर पैसे मिळतात. त्यातून तो जोंधळ्याच्या दळणाचे पैसे स्वतः देतो. गिरणीवाल्यानं पहिल्यांदा सुट्टे पैसे माझ्या हातात ठेवले, तेव्हा मी ते अण्णाकडे दिले. आता गिरणीवाला त्यालाच देतो.

वयस्कर आईवडील मला भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "आमच्यामागं याचं कसं होणार?" मी विचारते, आज सकाळचा चहा कोणी केला? कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.

आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे. मी इथं आलेय आणि अण्णा घरी पाणी भरतोय. मोटार बंद केलीस का, असं विचारायला मी फोन करणार नाही.

नमस्कार.